न्यूयॉर्क, मे २०१०: चार्टर शाळांची मर्यादा आणि शिक्षकांचे गुण

२८ मे २०१० रोजी न्यूयॉर्क राज्यात शिक्षणाचे काही कायदे एकाच दिवशी झाले. एका कायद्याने चार्टर शाळांची, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या शाळांची, कमाल संख्या २०० वरून ४६० वर नेली. दुसऱ्याने राज्याच्या शिक्षण कायद्यात ३०१२-सी हे कलम घातले आणि वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला दरवर्षी १०० पैकी गुण देणे शाळा-जिल्ह्यांवर (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांवर) बंधनकारक केले. तिसऱ्याने विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षांची नोंद ठेवणाऱ्या संगणक प्रणालीसाठी २ कोटी ४ लाख डॉलर दिले. घाईचे कारण उघड होते. शिक्षणसुधारणेच्या निधीसाठी राज्याराज्यांत लावलेल्या अमेरिकी केंद्र सरकारच्या ‘रेस टू द टॉप’ स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीसाठी अर्जाची शेवटची तारीख १ जून होती.

यातला चार्टरचा कायदा वाद झेलत टिकला. शिक्षकांच्या गुणांचा कायदा मात्र २०१२, २०१५, २०१९ आणि २०२४ असा चार वेळा मोडून नव्याने लिहावा लागला. दोन्ही कायद्यांचा दावा एकच होता : मुलांच्या शिकण्याची जबाबदारी निश्चित करायची. पण एकात पूर्ण शाळेचा हिशोब पाच वर्षांनी, माणसांनी बसून करायचा होता. दुसऱ्यात एका वर्गाचा हिशोब दर वर्षी सूत्राने करायचा होता. आमच्या मते दोघांची वाट वेगळी झाली ती या फरकामुळे. राजकारण होतेच, पण ते दोन्हीकडे सारखेच होते.

चार्टर शाळा म्हणजे काय

महाराष्ट्रातल्या वाचकाला सर्वात जवळचे उदाहरण अनुदानित शाळेचे वाटेल, पण रचना वेगळी आहे. आपल्याकडे संस्था खाजगी असते आणि संचमान्यतेनुसार मंजूर झालेल्या पदांचे वेतन शासन देते. चार्टर शाळेला पदे मंजूर होत नाहीत. पैसा मुलामागे येतो. मूल ज्या जिल्ह्यात राहते त्या जिल्ह्याने ठरलेल्या दराने दर दोन महिन्यांनी, म्हणजे वर्षाला सहा हप्त्यांत, चार्टर शाळेला रक्कम द्यायची. फी घेता येत नाही, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. बदल्यात शाळेला पाच वर्षांपर्यंतचा करार मिळतो. मुदत संपली की नूतनीकरण, नाहीतर टाळे.

न्यूयॉर्कचा मूळ कायदा डिसेंबर १९९८ मधला, गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांच्या काळातला. त्यात नव्या शाळांची मर्यादा १०० होती. ती २००७ मध्ये २०० झाली. परवाना देणाऱ्या मुख्य संस्था दोन : स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कचे विश्वस्त मंडळ आणि राज्याचे शिक्षण धोरण ठरवणारे रीजंट्स मंडळ. चालू सरकारी शाळेचे चार्टरमध्ये रूपांतर केले तर ती या मर्यादेत मोजली जात नाही.

शिक्षकांविषयीची दोन कलमे नीट पाहण्यासारखी आहेत. मूळ कायद्याप्रमाणे विनाप्रमाणपत्र शिक्षक एकूण शिक्षकांच्या ३० टक्के किंवा ५, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकेच ठेवता येत; २०१५ मध्ये ही मुभा १५ पर्यंत वाढली. आणि नव्या शाळेची पटसंख्या सुरुवातीच्या काळातच २५० च्या पुढे गेली, तर तिथले शिक्षक आपोआप जिल्ह्याच्या शिक्षक संघटनेच्या करारात येतात. एक-दोन इयत्तांनी शाळा सुरू करून दरवर्षी एक इयत्ता वाढवायची ही तिथली रूढ पद्धत आहे. तिला शैक्षणिक कारणे आहेतच, पण या २५० च्या आकड्याकडे लक्ष ठेवल्याशिवाय कोणी आराखडा बनवत नाही.

२००८ ची भिंत आणि केंद्राचे ४३५ कोटी

एप्रिल २००८ मध्ये अर्थसंकल्पासोबत न्यूयॉर्कने एक तरतूद केली होती : विद्यार्थ्यांच्या चाचणीतील कामगिरीवरून शिक्षकाला कायम नियुक्ती द्यायची किंवा नाकारायची नाही. पुढल्याच वर्षी ४३५ कोटी डॉलरची ‘रेस टू द टॉप’ योजना आली आणि तिची पात्रतेची अटच अशी होती की, विद्यार्थ्यांचे निकाल शिक्षकांच्या मूल्यमापनाशी जोडायला राज्यात कायद्याचा अडथळा असता कामा नये. कॅलिफोर्निया आणि विस्कॉन्सिनने आपले कायदे घाईने बदलले. न्यूयॉर्कने बाजू मांडली की, आमची मनाई फक्त कायम नियुक्तीपुरती आहे आणि तीही ३० जून २०१० ला आपोआप संपणार आहे.

अर्जांची तपासणी ५०० गुणांची होती. त्यातले १३८ शिक्षक व मुख्याध्यापकांविषयीच्या विभागाला आणि ४० चार्टर शाळांना अनुकूल परिस्थितीसाठी. जानेवारी २०१० मध्ये चार्टरची मर्यादा वाढवायचा प्रयत्न विधिमंडळात फसला. परवाने कोणी द्यायचे आणि सरकारी शाळेच्याच इमारतीत चार्टर बसवायची का, या दोन मुद्द्यांवर गाडी अडली. पहिल्या फेरीत न्यूयॉर्कला ४०८.६ गुण मिळाले. १६ अंतिम राज्यांत क्रमांक १५ वा. मेमधल्या कायद्यांनंतर दुसऱ्या फेरीत ४६४.८ गुण, क्रमांक दुसरा, आणि २४ ऑगस्ट २०१० ला सुमारे ७० कोटी डॉलर जाहीर झाले.

स्पर्धा जिंकायला हे कायदे पुरेसे ठरले. मात्र कलम ३०१२-सी लिहिताना एकूण आराखडा तेवढा ठरला. सूत्र, गुणांच्या पट्ट्या आणि निरीक्षणाचे नियम पुढे सुमारे सातशे जिल्ह्यांनी आपापल्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरवायचे होते. पुढची बरीच ओढाताण इथेच पेरली गेली.

१०० गुणांचा हिशोब

विभागणी अशी होती : २० गुण राज्याच्या चाचणीतील प्रगतीचे, २० गुण स्थानिक पातळीवर निवडलेल्या मापाचे, ६० गुण वर्गनिरीक्षण व इतर पुराव्यांचे. रीजंट्स मंडळाने मे २०११ मध्ये नियम केला की, स्थानिक २० गुणांसाठीही राज्याचीच चाचणी वापरता येईल. राज्य शिक्षक संघटना न्यायालयात गेली आणि ऑगस्टमध्ये निकाल बराचसा तिच्या बाजूने लागला. फेब्रुवारी २०१२ मध्ये समझोता झाला आणि कायदा दुरुस्त झाला. त्यातून या पट्ट्या आल्या :

एकूण ९१ ते १०० अतिप्रभावी, ७५ ते ९० प्रभावी, ६५ ते ७४ विकसनशील, ६४ पर्यंत अप्रभावी. चाचणीच्या प्रत्येक २० गुणांत १८ ते २० अतिप्रभावी, ९ ते १७ प्रभावी, ३ ते ८ विकसनशील, ० ते २ अप्रभावी. ६० गुणांची पट्टी मात्र जिल्ह्यावर सोडली.

आता बेरीज करून पाहा. चाचणीच्या दोन्ही भागांत शिक्षक अप्रभावी ठरला तर त्याला जास्तीत जास्त २ + २ = ४ गुण. वर्गनिरीक्षणात पैकीच्या पैकी ६० मिळाले तरी बेरीज ६४, म्हणजे अप्रभावी. कागदावर ४० टक्के वजन असलेला भाग उरलेल्या ६० टक्क्यांना रद्द करू शकत होता. हे नकळत झालेले नव्हते; चाचणीत नापास शिक्षक एकूणात पास होऊ नये असाच हेतू होता.

उलट बाजूने पाहा. दोन्ही चाचणी-भागांत प्रभावी पट्टीचा तळ, म्हणजे ९ + ९ = १८. एकूण प्रभावी ठरायला ७५ हवेत, म्हणजे निरीक्षणात ५७. तिन्ही भागांत ‘प्रभावी’ असलेला शिक्षक एकूणात ‘विकसनशील’ ठरू नये म्हणून राज्य संघटनेने सुचवलेल्या तक्त्यात निरीक्षणातील प्रभावी शिक्षकाला ५७ ते ५८ आणि अतिप्रभावीला ५९ ते ६० गुण होते. अनेक जिल्ह्यांनी त्याच धर्तीवर तक्ते केले. परिणाम असा की, बहुसंख्य शिक्षकांच्या ६० गुणांच्या भागात फरक उरला तो दोन-तीन गुणांचा. मुख्याध्यापकाने वर्गात बसून काय पाहिले याचा अंतिम आकड्यावर फारसा परिणाम होईना, आणि खरी चढउतार उरलेल्या ४० गुणांतून येऊ लागली. एखाद्या घटकाचे वजन कायद्यात किती लिहिले आहे यापेक्षा त्या घटकात शिक्षकाशिक्षकात फरक किती पडतो यावर त्याचा प्रभाव ठरतो. मूल्यमापनाचा कोणताही तक्ता वाचताना आधी हे तपासावे.

दुसरी अडचण व्याप्तीची. राज्याची चाचणी तिसरी ते आठवीची, इंग्रजी व गणिताची. प्रगती मोजायला मागच्या वर्षीचे गुण लागतात, म्हणून हिशोब चौथी ते आठवीचाच. संगीत, चित्रकला, शारीरिक शिक्षण, बालवाडी, बहुतेक माध्यमिक विषय यांतले शिक्षक त्याबाहेर. त्यांच्यासाठी सत्राच्या सुरुवातीला वर्गासाठी लक्ष्य ठरवायचे, अखेरीस चाचणी घ्यायची आणि किती मुलांनी लक्ष्य गाठले ते मोजायचे. काही ठिकाणी पूर्ण शाळेचा गुणांक सगळ्यांना वाटून दिला गेला. संगीताच्या शिक्षकाचे गुण चौथीच्या गणितावरून ठरले तर त्या आकड्यातून त्याच्याविषयी काहीच कळत नाही.

वर्गाचा आकडा इतका का हलतो

राज्याची पद्धत अशी : मागील वर्षी सारखेच गुण मिळालेल्या मुलांचा गट घ्यायचा, त्या गटात हे मूल यंदा कुठे आहे ते १ ते ९९ च्या शतमानात (शंभरातल्या किती मुलांच्या पुढे आहे त्या आकड्यात) सांगायचे, आणि वर्गातल्या मुलांच्या शतमानांची सरासरी काढायची. गरिबी, इंग्रजी शिकण्याची अवस्था, अपंगत्व यांसाठी समायोजन होते. शिक्षकाचा आकडा काढायला किमान १६ गुणनोंदी लागत.

१ ते ९९ मध्ये सारखी पसरलेली संख्या घेतली तर तिचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेले आहेत याचे माप, साधारण २९ येते. २५ मुलांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती सरासरी योगायोगाने साधारण किती हलू शकते, ती २९ भागिले ५ (२५ चे वर्गमूळ), सुमारे ५.८. १६ नोंदींची ७ च्या वर. म्हणजे शिक्षकाच्या हातात काहीही बदलले नाही तरी निव्वळ योगायोगाने सरासरी एका वर्षी ५० आणि पुढच्या वर्षी ४० येऊ शकते. ४०० मुलांच्या शाळेसाठी हीच त्रुटी दीडच्या आत येते. चार्टर शाळेचा हिशोब शाळेच्या पातळीवर आणि अनेक वर्षांच्या निकालांवर होतो. तिथे हा आकडा बोलू शकतो. वर्गाच्या पातळीवर, एका वर्षात, त्यात नशिबाचा वाटा फार मोठा असतो.

न्यूयॉर्क शहराला हे आधीच कळायला हवे होते. शहराने प्रायोगिक म्हणून चौथी ते आठवीच्या शिक्षकांचे असेच अहवाल बनवले होते. वृत्तपत्रांनी ते मागितले, संघटनेने विरोध केला, न्यायालयात संघटना हरली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सुमारे १८,००० शिक्षकांचे आकडे नावानिशी प्रसिद्ध झाले. त्या अहवालांतील त्रुटीची सीमा गणितात सरासरी ३५ शतमान आणि इंग्रजीत ५३ होती. ५० व्या शतमानावर दाखवलेला इंग्रजीचा शिक्षक जवळजवळ तळापासून टोकापर्यंत कुठेही असू शकत होता, आणि तरी यादीत त्याच्या नावापुढे एकच संख्या छापली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये विधिमंडळाने कायदा करून पालकांना फक्त आपल्या मुलाच्या सध्याच्या शिक्षकाची अंतिम श्रेणी व गुण मागण्याचा हक्क ठेवला. नावांसह जाहीर यादी बंद केली. तडजोड योग्य होती. ती प्रसिद्धीच्या आधी व्हायला हवी होती.

ग्रेट नेकचा खटला

लाँग आयलंडवरील ग्रेट नेक इथल्या चौथीच्या एका शिक्षिकेला २०१२-१३ मध्ये प्रगतीच्या भागात २० पैकी १४ गुण मिळाले. २०१३-१४ मध्ये १. तिच्या वर्गातली मुले दोन्ही वर्षी राज्याच्या सरासरीपेक्षा बरीच वर होती. एकूण श्रेणी तरीही ‘प्रभावी’च आली, त्यामुळे नोकरीला धोका नव्हता. तिने दाद मागितली ती त्या १ गुणाविरुद्ध.

मे २०१६ मध्ये न्यायमूर्ती रॉजर मॅकडोनो यांनी तो गुण मनमानी ठरवून रद्द केला. त्यांनी नोंदवलेली कारणे कायदा लिहिणाऱ्यांनी तोंडपाठ करावीत अशी आहेत : फार वर आणि फार खाली असलेल्या मुलांच्या शिक्षकांवर सूत्राचा कल, छोट्या वर्गाचा अवाजवी परिणाम, आधीच उंचीवर असलेल्या मुलांना प्रगती दाखवायला जागाच नसणे, १४ वरून १ का झाले याचे कोणतेही स्पष्टीकरण नसणे, आणि सर्व शिक्षकांना आधीच ठरवलेल्या घंटाकृती वक्रात (बहुतेक मध्ये, थोडे वर, थोडे खाली अशा वाटणीत) बसवणे. शेवटचा मुद्दा सर्वात खोल आहे. गुण राज्याच्या सरासरीपासूनच्या अंतरावर ठरत असतील तर सगळे शिक्षक उत्तम झाले तरी कोणीतरी तळाशी राहणारच. निकाल त्या एका गुणापुरताच होता. पूर्ण व्यवस्था न्यायालयाने रद्द केली नाही.

२०१३ चे आकडे आणि २०१५ चा कडक कायदा

२०१२-१३ चे पहिले निकाल आले तेव्हा न्यूयॉर्क शहर वगळता उर्वरित राज्यात ९१.५ टक्के शिक्षक प्रभावी किंवा अतिप्रभावी होते, आणि फक्त १ टक्का अप्रभावी. त्याच वसंतात नव्या, कठीण चाचणीत राज्यातली सुमारे ३१ टक्केच मुले प्रावीण्य पातळीवर होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून राजकीय निष्कर्ष काढला गेला की मूल्यमापन बोगस आहे. वास्तविक प्रावीण्याची रेषा त्याच वर्षी वर सरकवली होती, आणि प्रगतीचे गुण मुलांची एकमेकांशी तुलना करून निघतात, त्या रेषेशी नाही. शिक्षकांच्या श्रेणी सैल होत्या हे खरे. कारण वर सांगितलेला ५७-५८ चा तक्ता. पण ३१ टक्के हा त्याचा पुरावा नव्हता.

गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी एप्रिल २०१५ मध्ये अर्थसंकल्पातूनच कलम ३०१२-डी आणले. बेरीज गेली, चौकटीचा तक्ता आला : एका बाजूला विद्यार्थ्यांची कामगिरी, दुसऱ्या बाजूला निरीक्षण. कामगिरीत अप्रभावी असेल तर एकूण श्रेणी विकसनशीलच्या वर जाणार नाही. शाळेबाहेरचा स्वतंत्र निरीक्षक सक्तीचा. कायम नियुक्तीची परीक्षाधीन मुदत ३ वरून ४ वर्षे. आणि जिल्ह्याने मुदतीत योजना मंजूर करून घेतली नाही तर वाढीव अनुदान नाही. ही धमकी पोकळ नव्हती : २०१३ मध्ये शहर आणि संघटना यांचे वेळेत जमले नाही तेव्हा न्यूयॉर्क शहराचे सुमारे २५ कोटी डॉलर गेले होते.

त्याच वसंतात तिसरी ते आठवीच्या सुमारे २० टक्के, म्हणजे दोन लाखांहून अधिक मुलांच्या पालकांनी परीक्षेलाच नकार दिला. त्यांचा राग फक्त शिक्षकांच्या गुणांवर नव्हता, पण मोजमापाला धक्का बसला तो तिथेच : मुले बसली नाहीत की नोंदी १६ च्या खाली जातात, आणि बसलेली मुले वर्गाचे प्रतिनिधित्व करतीलच असे नसते. डिसेंबर २०१५ मध्ये रीजंट्स मंडळाने राज्याच्या चाचण्यांचा शिक्षकांवर परिणाम करणारा वापर २०१९-२० पर्यंत थांबवला. एप्रिल २०१९ च्या कायद्याने ती सक्तीच काढून टाकली.

चार्टरच्या बाजूला काय घडले

कलम ३०१२-सी चार्टर शाळांना लागू नव्हते. ही गोष्ट चर्चेत सहज निसटते. एकाच दिवशीच्या दोन कायद्यांपैकी शिक्षकाला गुण देण्याची सक्ती जिल्ह्यांच्या शाळांवर. चार्टर शाळा आपल्या शिक्षकांना कसे तपासते, वेतन कसे ठरवते, हे तिचे तिने पाहायचे. तिचा स्वतःचा हिशोब मात्र करार नूतनीकरणाच्या वेळी : निकाल, आर्थिक स्थिती, कारभार, प्रत्यक्ष भेटी, आणि तिथे माणूस प्रश्न विचारतो, शाळा उत्तर देते.

२०१० च्या दुरुस्तीने या बाजूलाही दात दिले. नव्या २६० परवान्यांपैकी १३० स्टेट युनिव्हर्सिटीच्या विश्वस्त मंडळाचे, १३० रीजंट्सचे. त्यांतले न्यूयॉर्क शहरात कमाल ११४. नफा कमावणाऱ्या कंपनीला नव्या शाळा चालवायला बंदी. सरकारी इमारतीत चार्टर बसवायची तर जागावापराचा आराखडा जाहीर करायचा, आणि चार्टरने ५,००० डॉलरवर सुधारणा केली तर त्याच इमारतीतल्या सरकारी शाळेसाठीही तेवढा खर्च. आणि सर्वात महत्त्वाचे : अपंग मुले, इंग्रजी शिकणारी मुले आणि गरीब कुटुंबांतली मुले यांच्या प्रवेशाचीच नव्हे, तर टिकून राहण्याचीही लक्ष्ये. सोडत न्याय्य असली तरी अवघड मूल वर्षाच्या मध्यात शाळा सोडून गेले तर निकाल सुधारतो. म्हणून टिकण्याचा आकडा वेगळा मागणे आवश्यक होते. या लक्ष्यांची अंमलबजावणी मात्र सौम्य राहिली. चार्टर कायद्याची कमजोर कडी कोणती म्हणाल तर ही.

चार्टर शाळांना आपले शिक्षक स्वतःच प्रमाणित करू द्यावेत असा नियम विश्वस्त मंडळाच्या समितीने २०१७ मध्ये केला. न्यायालयाने २०१८ मध्ये तो रद्द केला आणि अपिलातही तो टिकला नाही.

महाराष्ट्रात याच प्रश्नाची उलटी बाजू दिसली. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने शिक्षकाच्या वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठी शाळेच्या निकालाची व शाळासिद्धी या शाळांच्या सरकारी मूल्यांकनातील श्रेणीची अट घातली होती. तिथे माप शाळेचे आणि परिणाम व्यक्तीच्या पगारावर. संघटनांच्या विरोधानंतर २०१९ मध्ये ती अट वगळली गेली.

न्यूयॉर्क शहरातली चार्टरची मर्यादा २०१९ मध्ये भरली. २०२३ च्या अर्थसंकल्पात बंद पडलेल्या शाळांचे १४ परवाने शहरात पुन्हा वापरायला मोकळे केले, पण मर्यादा तशीच आहे. शिक्षक मूल्यमापनासाठी जून २०२४ मध्ये कलम ३०१२-ई आले. त्यानुसार जिल्ह्याने संघटनेबरोबर बसून स्वतःची योजना करायची, राज्याच्या चाचणीची सक्ती नाही, आणि जुन्या पद्धतीतून बाहेर पडायला काही वर्षांची मुदत आहे. योजना करणाऱ्या समित्यांसमोर पहिले काम ६० गुणांच्या त्या जुन्या तक्त्याचे आहे : चाचणी बाजूला गेल्यावर वर्गनिरीक्षणात चांगल्या आणि फार चांगल्या शिक्षकातला फरक कागदावर दिसेल इतके अंतर ठेवायचे, आणि त्यासाठी मुख्याध्यापकांना वर्षातून किती वेळा, किती मिनिटे वर्गात बसायला वेळ द्यायचा ते लिहून घ्यायचे.